+१ दिसलं म्हणजे अमेरिका-कॅनडाच असं समजू नका

माझ्या काकांच्या बाबतीत जे झालं ते लिहितोय, कारण ज्यांची मुलं बाहेर आहेत अशा कुठल्याही घरात हे होऊ शकतं. काका सांगलीला असतात आणि ताई टोरंटोला. उन्हाळ्यात एकदा रात्री दोनच्या सुमारास काकांच्या मोबाईलवर मिस्ड कॉल आला, एकच रिंग आणि कट, थोड्या वेळाने परत तसंच. नंबर +१ ने सुरू होणारा. ताईचाही +१ नेच सुरू होतो आणि आपल्याकडचे दोन म्हणजे तिकडे दुपारचे साडेचार, त्यामुळे काकांना वाटलं पोरीचा फोन बंद पडलाय, कुणाच्या तरी फोनवरून करतेय, काहीतरी झालंय. बापाच्या मनात दुसरं काय येणार हो! त्यांनी लगेच परत फोन लावला.

पलीकडे एक बाई इंग्लिशमध्ये होल्ड करा म्हणाली आणि मग नुसतं म्युझिक. काकांना वाटलं हॉस्पिटल आहे, म्हणून ते कानाला लावून बसून राहिले. कट झाला की परत लावला. मग त्याच नंबरवर मेसेज केले, कोण बोलतंय, माझी मुलगी ठीक आहे ना. शेवटी काकूने ताईला व्हॉट्सॲप कॉल केला तर ती ऑफिसमध्ये मजेत होती.

काकांचं पोस्टपेड. पुढच्या बिलात आयएसडीचे, म्हणजे परदेशी कॉलचे, जवळजवळ १,८०० रुपये जास्तीचे. मेसेजचेही वेगळे लागले, कारण प्लॅनमधले रोजचे १०० एसएमएस फक्त भारतातल्या नंबरांसाठी असतात, बाहेरच्या नंबरला साधं "हू इज धिस" पाठवलं तरी पैसे पडतात.

मी नंबर नीट बघितला तर +१ च्या पुढे ४७३ होतं. म्हणजे ग्रेनाडा, कॅरिबियनमधलं एक छोटं बेट. अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियनमधले बरेच देश सगळे +१ मध्येच येतात, फरक फक्त पुढच्या तीन आकड्यांत. टोरंटोचे ४१६, ६४७, ४३७. पण ८७६ जमैका, ८०९ डॉमिनिकन रिपब्लिक, २८४ ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स, ६४९ टर्क्स आणि कैकोस. हे कुणी सांगतच नाही!

यात पैसे कसे खातात ते पण समजून घ्या. आपला कॉल ज्या नेटवर्कवर जाऊन संपतो त्याला आपली कंपनी मिनिटामागे पैसे देते, छोट्या बेटांचे आणि काही आफ्रिकन देशांचे हे रेट अमेरिकेपेक्षा कितीतरी पट जास्त असतात, आणि ज्याने तो नंबर भाड्याने घेतलेला असतो त्याला त्यातला वाटा मिळतो. म्हणूनच ते होल्डवर ठेवतात. मशीनने हजारो नंबरांना एक-एक रिंग द्यायची, ती उचलली जात नाही म्हणून त्यांचा खर्च जवळपास शून्य.

आणि ते फॉरवर्ड येतं ना, +३७५ किंवा +३७१ चा फोन घेतला की तीन सेकंदात कॉन्टॅक्ट लिस्ट कॉपी होते, ते खोटं आहे. भारतात असताना इनकमिंग उचलल्याने पैसे जात नाहीत, आपण परत लावला की जातात. अशा फॉरवर्डमुळे खरी गोष्ट बाजूलाच राहते याचा मला फार राग येतो.

कस्टमर केअरने सांगितलं कॉल तुमच्याच फोनवरून गेलाय, चार्ज बरोबर आहे, विषय संपला. विषय संपत नाही. तक्रारीचा डॉकेट नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, मागून घ्या, उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलेट ऑथॉरिटीकडे, म्हणजे कस्टमर केअरच्या वरच्या पायरीवर, अपील करता येतं आणि त्याला फी नाही. आम्ही केलंय, अजून उत्तर यायचंय. सोबत संचार साथी या सरकारी पोर्टलवर, संशयास्पद कॉल-मेसेज कळवायच्या चक्षू या सोयीत, तो नंबर रिपोर्ट केला.

काकांचं आयएसडी आता बंद करून टाकलंय, ताईशी बोलणं तसंही व्हॉट्सॲपवरच होतं. तुमच्या आईबाबांचं पोस्टपेड असेल तर आजच बघा आयएसडी चालू आहे का, आणि लागणारच असेल तर क्रेडिट लिमिट कमी करून घ्या. मुलांच्या रूममेटचा, ऑफिसचा नंबर पण त्यांच्या फोनमध्ये नावासकट सेव्ह करून द्या, म्हणजे रात्री अनोळखी +१ आला तर आधी कुणाला विचारायचं ते त्यांना माहीत असेल.