निक फ्युरीची पहिली खुर्ची: 'स्ट्रेंज टेल्स' १३५ अनेक महिने वाचल्यावर

पावसाळ्यात घेतलेला जाड पुठ्ठ्याचा संग्रह अजून उशाशीच आहे. बाकीची पुस्तकं कपाटात गेली, हे काही जात नाही. संग्रहात 'स्ट्रेंज टेल्स' या मार्व्हलच्या अमेरिकी कॉमिक्सच्या १३५ व्या अंकापासून पुढच्या, निक फ्युरी या गुप्तहेराच्या कथा आहेत. सगळ्या एकदा वाचून झाल्या, काही दोनदा. पहिली कथा मात्र इतक्यांदा वाचली की पुस्तक आपोआप तिथेच उघडतं. म्हणून हा अनुभव मुख्यतः त्या एका अंकाचा, ऑगस्ट १९६५ चा. लेखन स्टॅन ली, चित्रं जॅक कर्बी, पेन्सिलीच्या रेघांवरची शाई डिक एअर्स.

कथा फक्त बारा पानांची आहे. त्या काळात 'स्ट्रेंज टेल्स'मध्ये दोन मालिका अर्धा-अर्धा अंक वाटून घ्यायच्या. उरलेल्या अर्ध्यात डॉक्टर स्ट्रेंज हा जादूगार असायचा. माझ्या संग्रहात तो नाही. मूळ अंकाची किंमत १२ सेंट होती आणि त्यात दोन्ही मिळायचं. आज दोन स्वतंत्र पुस्तकं घ्यावी लागतात.

विषय एका ओळीत सांगता येतो. जगभर पसरलेल्या हायड्रा नावाच्या टोळीशी लढायला शील्ड नावाची यंत्रणा उभी राहते आहे, तिला प्रमुख हवा आहे, आणि निवड होते ती दुसऱ्या महायुद्धात सार्जंट असलेल्या, नंतर कर्नल झालेल्या, चिरूट चघळणाऱ्या निक फ्युरीची. सुपरहिरोंच्या जगातली कथा असून यात कुणाकडेही अचाट शक्ती नाही. टोनी स्टार्क आहे, पण साध्या सुटात, शस्त्रं बनवणारा उद्योगपती म्हणून. तोच चिलखतातला सुपरहिरो आयर्न मॅन आहे हे वाचकाला ठाऊक, त्या खोलीतल्या बाकीच्यांना नाही.

सुरुवात झकास आहे. फ्युरीला एका यंत्रात उभं करून त्याच्या हुबेहूब प्रतिकृती बनवल्या जातात. याला 'लाइफ मॉडेल डेकॉय' म्हणतात, पुढच्या मालिकांत नुसतं 'एलएमडी'. आपल्याला नेमकं कशासाठी बोलावलंय हे फ्युरीला कुणी धड सांगितलेलं नाही, त्यामुळे तो वैतागलाय. प्रतिकृती बाहेर पाठवल्या जातात आणि हायड्राचे लोक त्यांना टिपतात. म्हणजे नोकरीचं पत्र हातात पडायच्या आधीच साहेबांचा खून होऊन गेलाय, तोही एकदा नव्हे! पुढे फ्युरी पोर्शे गाडीत बसतो, वरून हल्ला होतो, आगीचे लोळ उठतात, आणि गाडी सरळ आकाशात उडते. बारा पानांत हे सगळं बसवायचं म्हणजे कुठेतरी घाई व्हायला हवी होती, पण कर्बीच्या चौकटी इतक्या मोकळ्या आहेत की तशी ती जाणवत नाही.

मग ती खोली येते, आणि मी वारंवार परत जाते ती या पानांसाठी. लांब टेबल, त्याभोवती मोठमोठी माणसं, स्टार्क सांगतो की ही जागा तुझी. फ्युरी चक्क नाही म्हणतो. माझं शिक्षण नाही, डोकं नाही, मी आपला सार्जंटच्या मापाचा माणूस, असा त्याचा सूर. बोलता बोलता त्याची नजर एका खुर्चीकडे जाते, काहीतरी खटकतं, तो ती खुर्ची जमिनीतून उपटतो आणि बाहेर फेकून देतो. स्फोट होतो. स्टार्कला जे पटवायचं होतं ते पटवायची मग गरजच उरत नाही.

पहिल्या वाचनात मला हे निव्वळ नाट्य वाटलं. नंतर लक्षात यायला लागलं की लीनं निवड समितीचं काम किती चतुरपणे उरकलंय. फ्युरी बोलत असतो आपल्या अपात्रतेबद्दल, आणि त्याच वेळी खोलीत कोण कुठे बसलंय, काय जागचं हललंय, याची नोंद त्याचा एकच डोळा घेत असतो. (दुसऱ्यावर पट्टी. ती कशामुळे, हे पुढच्या वर्षी त्याच्या युद्धकथांच्या 'सार्जंट फ्युरी' मालिकेतल्या अंकात सांगितलं.) मुलाखतीत उमेदवार काय बोलतो त्यापेक्षा बोलताना त्याचं लक्ष कुठे असतं हे पाहावं, असं माझे एक जुने साहेब म्हणायचे. त्यांनी हा अंक वाचला असण्याची शक्यता शून्य.

पण जितक्यांदा वाचावं तितका एक प्रश्न जास्त टोचतो. शील्डच्या सर्वोच्च बैठकीच्या खोलीत, सगळे वरिष्ठ हजर असताना, खुर्चीला बॉम्ब लागलाच कसा? यंत्रणा अजून नीट उभीही नाही आणि तिच्या गाभ्यात शत्रूचा हात पोचलाय. बारा पानांत समाधान होईल असं उत्तर मिळत नाही, कारण लगेच कर्बी पडदा उघडतो: ही खोली जमिनीवर नाहीच, ती एका अवाढव्य उडत्या युद्धनौकेत आहे. हेलिकॅरियरचं हे पहिलं दर्शन. ते चित्र पाहिलं की प्रश्न विसरायला होतं. लीला हेच हवं असणार. या यंत्रणेला अधिकार कुणी दिले, ती कुणाला उत्तर देणार, पैसा कुणाचा, यावरही अंक अवाक्षर काढत नाही. शीतयुद्ध ऐन भरात होतं, अमेरिकेत टीव्हीवर आणि पडद्यावर गुप्तहेरांची लाट होती, 'कोणाच्या परवानगीनं?' असं विचारायचा तो मोसम नव्हता.

मला या कथेचा खरा जोडीदार पाच अंक पुढे, १४० मध्ये सापडला. १३५ मध्येच आपल्याला हायड्राचा प्रमुखही दिसतो: मुखवटा घातलेला, चूक झाली की स्वतःच्याच माणसांना मरणाच्या दारात ढकलणारा. फ्युरीला खुर्ची मिळते त्याच अंकात दुसऱ्या खुर्चीचा धनीही दाखवला आहे, आणि हे समांतर चित्र अनेकांच्या नजरेतून सुटतं. पुढे कळतं की हा सर्वशक्तिमान इसम म्हणजे अर्नोल्ड ब्राउन, एका मोठ्या कंपनीत मान खाली घालून काम करणारा माणूस, ज्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. शेवटी तो बिनमुखवट्याचा स्वतःच्याच माणसांसमोर येतो, जीव तोडून सांगतो की मीच तुमचा प्रमुख, आणि ते त्याला ओळखत नाहीत. गोळी घालतात. फ्युरीला मुखवटा नाही, त्याचा आवाज, शिव्या, चिरूट सगळं जगजाहीर, तरी त्याच्या नकला पाठवता येतात. ब्राउनची नक्कल कुणालाही करता आली असती, आणि खऱ्या ब्राउनला मात्र ती जमली नाही.

इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचून मोठी झालेली माझी पिढी इथे थबकणारच. जंगलात कायदा राखणाऱ्या जंगल पेट्रोलचा सेनापती कोण हे पेट्रोलमधल्या कुणालाच ठाऊक नसायचं. कर्नल वीक्सच्या कचेरीतल्या तिजोरीत हुकूम यायचे, ते पाळले जायचे, आणि तो न दिसणारा सेनापती म्हणजे वेताळ. लहानपणी ही कल्पना मला फार भारी वाटायची. आता १३५ आणि १४० पाठोपाठ वाचले की वाटतं, वेताळाचं नशीब थोर म्हणून त्याला कधी मुखवट्याशिवाय पेट्रोलच्या दारात जाऊन 'मीच तो' म्हणायची पाळी आली नाही.

आता वापराबद्दल. कागद जाड, चकचकीत, पांढरा. रंग त्यामुळे भडक वाटतात. मूळ अंक स्वस्त वर्तमानपत्री कागदावर छापलेला, त्यात हे रंग मुरायचे. दिव्याखाली वाचताना पान चमकतं, तेव्हा पुस्तक थोडं तिरकं धरावं लागतं. फोनवर डिजिटल प्रतही वाचून पाहिली. चौकटीमागून चौकट सरकवत नेणारी सोय असते, तीत संवादांचे फुगे वाचायला सोपे जातात, पण हेलिकॅरियरचं पान पार वाया जातं. टॅबलेटवर पूर्ण पान ठेवलं तर ठीक. लीचे फुगे मजकुरानं तुडुंब भरलेले असतात हेही आधीच सांगून ठेवते. चित्रात गाडी उडताना स्पष्ट दिसतेय, तरी पात्र सांगतंच की गाडी उडतेय.

आणखी एक, बायका. शोधाव्या लागतात. ही १९६५ ची कथा आहे, हे माहीत असूनही दर वेळी खटकतं.

भाच्यानं सुट्टीत पुस्तक उचललं आणि पहिलाच प्रश्न, "मावशी, यात फ्युरी कुठाय?" त्याच्या डोक्यात चित्रपटातला सॅम्युएल जॅक्सन. कानशिलांवर पिकलेल्या केसांचा हा गोरा माणूस फ्युरी आहे हे पटायला त्याला चार पानं लागली. कॉमिक्समध्येही २००२ च्या 'अल्टिमेट्स'पासून जॅक्सनच्या चेहऱ्याचा फ्युरी आहे, पडद्यावर तो नंतर आला. उडती गाडी मात्र भाच्याला लगेच पटली.

संग्रहातल्या पुढच्या अंकांत उतार-चढाव भरपूर. १३५ नंतर कर्बी बराच काळ नुसती मांडणी, म्हणजे पानांचा कच्चा आराखडा, करतो, आणि जॉन सेव्हरिनसारखे इतर चित्रकार त्यावर काम करतात. चित्रं वाईट नाहीत, पण पहिल्या अंकाची धडक नाही. न्यूयॉर्कमधलं न्हाव्याचं दुकान, जिथली खुर्ची सरळ शील्डच्या तळघरातल्या कार्यालयात उतरते, ते मला फार आवडतं. १४४ मध्ये जॅस्पर सिटवेल येतो: प्रशिक्षण संस्थेतून ताजा बाहेर पडलेला, प्रत्येक नियम तोंडपाठ, साहेबांना दिवसातून दहा वेळा सलाम. फ्युरी त्याच्यावर जो कावतो, त्यात पहिल्या अंकातली भीती खरी ठरताना दिसते. हा माणूस लढायला जन्मलाय आणि त्याला कार्यालय सांभाळावं लागतंय. १५१ पासून जिम स्टेरँको येतो, आणि मग मालिकेचा कायापालटच होतो. त्याबद्दल स्वतंत्र लिहायला हवं.

यंत्रणा रोजच्या रोज चालवायची म्हणजे काय, हे ज्यांना वाचायचंय त्यांना १३५ पुरणार नाही. त्यात फक्त नेमणूक आहे. त्यासाठी मी मधल्या महिन्यांत 'आयर्न मॅन'च्या चौथ्या मालिकेतले २००७ चे अंक जोडीला घेतले, १५ पासून पुढे. लेखक डॅनियल आणि चार्ल्स नॉफ हे बापलेक, चित्रकार रोबर्टो दे ला तोरे. 'सिव्हिल वॉर' ही सुपरहिरोंमधल्या यादवीची कथा संपल्यावर तोच टोनी स्टार्क शील्डचा संचालक होतो. ज्यानं १९६५ मध्ये दुसऱ्याला खुर्चीत बसवलं, तो बेचाळीस वर्षांनी स्वतः त्यात बसतो. एक्स्ट्रिमिस या शरीरात भिनवलेल्या तंत्रज्ञानामुळे त्याचं डोकं थेट उपग्रहांशी आणि यंत्रांशी जोडलेलं, हाताखाली मारिया हिल उपसंचालक, हेलिकॅरियरला लाल-सोनेरी रंग. फ्युरीचा युद्धातला जुना सोबती डमडम डुगन नाराज, कारण त्याच्या मते टोनी शील्ड एखाद्या कंपनीसारखी चालवतोय. ज्यांच्या कार्यालयात बाहेरून आलेल्या साहेबांनी पहिल्या महिन्यात भिंती रंगवल्यात, त्यांना डुगनचा चेहरा ओळखीचा वाटेल. कथानक १३५ पेक्षा कितीतरी शहाणं आहे, माणसं खरी आहेत. पण काळपट रंगांमुळे आणि धूसर चेहऱ्यांमुळे सलग चार अंक वाचले की थकायला होतं. पुन्हा हातात घ्यावंसं वाटतं ते १३५ च.

एलएमडीचं पुढे काय झालं हे पाहायचं असेल तर १९८८ ची 'निक फ्युरी व्हर्सेस शील्ड' ही सहा अंकांची मालिका शोधा. लेखन बॉब हॅरस, चित्रं पॉल नियरी. पहिल्या अंकात ज्या प्रतिकृतींनी फ्युरीचा जीव वाचवला, त्याच जातीच्या प्रतिकृती इथे शील्डच पोखरून टाकतात, आणि फ्युरीला स्वतःच्या यंत्रणेपासून पळावं लागतं. खुर्चीखालचा बॉम्ब लावला कुणी, हा माझा प्रश्न तेवीस वर्षं उशिरा का होईना, कुणाला तरी पडला असावा.

घ्यावं का? केवळ १३५ साठी अख्खा संग्रह घेणं महाग पडेल. डिजिटलवर तो एक अंक आधी वाचा, पूर्ण पान ठेवून. खुर्ची फेकल्यावर पुढचं पान बघायला हात शिवशिवले, तर संग्रह घ्या आणि १४० पर्यंत थांबू नका. जुन्या फुग्यांतली बडबड पहिल्या तीन पानांतच जड गेली, तर सरळ २००७ चे आयर्न मॅन अंक उचला. मला विचाराल तर संग्रहाचे पैसे वसूल झाले, डॉक्टर स्ट्रेंजचा अर्धा भाग नसल्याची तक्रार धरूनही.