बंद केबल काढून देतो म्हणणाऱ्याने आम्हाला कसं गंडवलं

मी जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये स्टोअर बघतो. भंगाराचे व्यवहार माझ्याकडेच, त्यामुळे ही फजिती माझीच समजा.

एक जुनी मोटर काढून दोन वर्षं झाली, पण तिची केबल ट्रेंचमध्येच, म्हणजे केबलींसाठीच्या चरातच, पडून होती. साडेतीन कोर (तीन जाड तारा आणि एक बारीक न्यूट्रल), १२० स्क्वेअर एमएम, तांब्याची, आर्मर्ड (बाहेरून लोखंडी कवच), साधारण १८० मीटर. एक भंगार ठेकेदार आला. "साहेब, तुम्ही निवांत राव्हा. मिल बंद करायची गरज नाही. टेस्टिंग आमचं, कटिंग आमचं, वर किलोवर पैसे देतो." मिल बंद ठेवायची नाही म्हटल्यावर आमचे वरचे साहेब खूश.

टेस्टिंग माझ्यासमोर झालं. पठ्ठ्याने ट्रेंचमध्ये उतरून अख्ख्या केबलभोवती क्लॅम्प मीटर, म्हणजे करंट मोजणारा चिमटा, अडकवला. "बघा, शून्य." शून्यच होतं. मी सही केली. पुढे आमच्या वायरमनने शेजारच्या चालू केबलला मीटर तसाच लावून दाखवला, तिथेही जवळपास शून्य! तिन्ही फेजचा करंट एकमेकांना खोडतो, म्हणून सगळी केबल एकत्र धरली तर मीटर काहीच सांगत नाही. आणि लोड नसेल तर व्होल्टेज असूनही करंट नसतोच. बाहेरून टेस्टर लावावा, तर आर्मर अर्थला जोडलेलं, त्यामुळे तोही काही दाखवत नाही. म्हणजे ते सगळं नाटक माझ्या सहीसाठी होतं.

नशीब, तेव्हा फीडर, म्हणजे पॅनेलमधून त्या केबलला वीज देणारा स्विच, बंद होता. पण पॅनेलकडचं टोक त्याने सोडवलंच नाही. केबल पॅनेलला घट्ट धरणारी ग्लँड खोलत कोण बसणार? सोपी दीडशे मीटर कापून नेली आणि राहिलेलं थोटूक बाकीच्या केबलींखाली सरकवलं. वर काळ्या टेपचे तीन वेढे, तेही सैल. दोन महिन्यांनी कुणीतरी 'स्पेअर' लिहिलेला तो फीडर चालू केला. ट्रेंचमधून धडाम् आवाज, निळा लोळ, ब्रेकर ट्रिप. दहा मिनिटांपूर्वी झाडलोट करणाऱ्या मावशी तिथेच होत्या. आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

मग मी काट्याच्या पावत्या काढल्या. माल ४९० किलो. आता तांब्याच्या १ स्क्वेअर एमएम तारेचं वजन किलोमीटरला ८.९ किलो भरतं. तीन कोर १२० चे, न्यूट्रल ७० चा, एकूण ४३०. म्हणजे मीटरला ३.८ किलो, दीडशे मीटरला नुसतं तांबंच ५७० किलो! आर्मर आणि पीव्हीसी वेगळं. हा हिशोब सही करायच्या आधी पाच मिनिटांत झाला असता. रिकामी गाडी काट्यावर घेताना हौद्यात पाण्याने भरलेला दोनशे लिटरचा ड्रम होता, वर पोरं बसलेली. माल भरला तेव्हा ड्रम रिकामा, पोरं चहाला. वॉचमनला हे सगळं आठवत होतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. ठेकेदाराचा फोन तेव्हापासून बंद.

आता दोन्ही टोकं सुटली की नाही हे आमचा वायरमन स्वतः बघतो. फीडरला कुलूप, चावी त्याच्या खिशात. प्रत्येक कोर मीटरने तपासून अर्थ करतो, कारण लांब केबलमध्ये बंद केल्यावरही चार्ज राहतो. एकसारख्या दहा काळ्या केबलींतली नेमकी हीच का, याची कापायच्या जागी खात्री झाल्याशिवाय करवत लागत नाही.

उरलेली तीस मीटर आम्हीच काढली, रविवारी, मिल बंद ठेवून. भंगारवाला दुसरा होता. त्याच्या रिकाम्या गाडीत चढून ड्रम मी स्वतः वाजवून बघितला.