आयडल नाचतंय: आधी थ्रॉटल बॉडी की व्हॅक्यूम पाइप?

सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये, आणि आरपीएमचा (इंजिनचे मिनिटाला फेरे) काटा आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, ७५०-८०० वर थांबायचं सोडून कधी १५००, कधी ६००. पेट्रोल गाडीत पहिला संशय थ्रॉटल बॉडी आणि व्हॅक्यूम पाइप या दोघांवर. थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) काजळी साचली की आरपीएम बहुधा खाली पडतो, एसी लावताच इंजिन गचके देतं. व्हॅक्यूम पाइप (इंजिनच्या हवेच्या ओढीला जोडलेली रबरी नळी) तडकला तर मोजणीबाहेरची हवा आत शिरते, आरपीएम चढाच राहतो, बॉनेटखाली बारीक ‘स्स्स’ ऐकू येतं.

सोलापूरच्या उन्हात रबर कडक होतं, म्हणून मी आधी पाइपच चाचपतो, फुकटचं काम. माझा क्लॅम्पखालीच चिरला होता, नखाएवढा! थ्रॉटल साफ केलंत तर काही गाड्यांत आयडल रीलर्नही (गाडीच्या कॉम्प्युटरला आयडल नव्याने शिकवणं) करावं लागतं, नाहीतर काटा आणखी नाचतो.