टिडलीविकीसाठी स्वतःची प्लगइन लायब्ररी : होस्टिंगवाल्याशी भांडून झाल्यावरचा अनुभव

टिडलीविकी काय आहे ते वाचणाऱ्यांना माहीत असणारच, नोंदी ठेवायची वही म्हणजे ब्राउझरमध्ये उघडायची एकच एचटीएमएल फाइल, सगळ्या नोंदी तिच्यातच, २००४ पासून चालू आहे, त्यामुळे ते सोडतो. मी लिहितोय ते प्लगइन लायब्ररीबद्दल, म्हणजे विकीला जोडायच्या छोट्या पुरवण्या (प्लगइन) जिथून इन्स्टॉल करता येतात त्या ऑनलाइन जागेबद्दल, आणि त्यातही मुख्यतः एकाच गोष्टीबद्दल जिनं माझं डोकं फिरवलं. लायब्ररी उघडली नाही तर विकी चकार शब्द काढत नाही.

आमचं इचलकरंजीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. कुठल्या मोटरला किती टर्न, कुठल्या गेजची तार, पिच किती, हे सगळं वहीत होतं, वार्निशचे हात लागून अर्धी पानं चिकटलेली, ते विकीत आणलं. दुकानातला पीसी, माझा फोन आणि सांगलीत मेव्हण्याचं दुकान, तिन्हीकडे वेगळी फाइल. वाइंडिंगचा तक्ता नीट दिसावा म्हणून एक छोटं प्लगइन केलंय, ते सुधारलं की तिन्हीकडे पोचवायचं असतं. पीसीवर काय, एका विकीतून प्लगइनची लिंक ओढून दुसऱ्या विकीत टाकली की झालं. फोनवर ही ओढाओढी जमत नाही. म्हणून लायब्ररी, म्हणजे कंट्रोल पॅनलमध्ये जायचं, यादी उघडायची, इन्स्टॉल दाबायचं.

दुसरं कारण म्हणजे मी लोकांची केलेली बरीच प्लगइन वापरतो. रीलिंक तर रोजच लागतं, नोंदीचं नाव बदललं की बाकी ठिकाणचे उल्लेख तेच बदलतं. अशी प्लगइन कुणाच्या तरी वैयक्तिक साइटवर असतात, आणि मी वापरत असलेली एक लायब्ररी एका सकाळी गायबच झाली. इन्स्टॉल केलेलं होतं ते चालूच राहिलं, कारण प्लगइन आपल्या फाइलमध्येच येऊन बसतं, तिकडचं दुकान बंद झालं तरी आपलं अडत नाही. पण नव्या फाइलीत टाकायचं कुठून? तेव्हा ठरवलं की लायसन बघून कॉपी आपल्याकडेच ठेवायच्या.

बांधायला अवघड नाही. पीसीवर नोड-जेएस (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) लागतं, टिडलीविकीच्या पॅकेजमध्येच प्लगइन लायब्ररीची एडिशन (तयार साचा) येते, कमांड दिली की एक इंडेक्स पान, एक यादी आणि प्रत्येक प्लगइनची एक जेसन (साध्या मजकुरातल्या डेटाची) फाइल तयार होते. डेटाबेस नको, पीएचपी नको. मग विकीत एक नोंद करायची, तिला लायब्ररीचा सिस्टिम टॅग लावायचा, यूआरएल आणि कॅप्शन भरायचं, बास. दुकानाच्या साइटसाठी स्वस्तातलं होस्टिंग वर्षभराचे पैसे भरून घेतलेलंच होतं, म्हटलं जागा रिकामीच आहे तर तिथेच टाकू, अजून पैसे कशाला घाला.

टाकलं. विकीत लायब्ररी उघडली. यादी नाही, लाल पट्टी नाही, काहीच नाही. पत्ता ब्राउझरमध्ये थेट टाकला तर पान छान उघडतंय.

मग सपोर्ट चॅट. तिकडचा माणूस म्हणे सर तुमची साइट व्यवस्थित चालू आहे, आणि पुरावा म्हणून स्क्रीनशॉट पाठवला, ज्या पानावर इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं असतं की ही प्लगइन लायब्ररी आहे, थेट ब्राउझरमध्ये उघडण्यासाठी नाही!! मी म्हटलं अहो तेच तर, तुम्ही थेट उघडून बघताय. तर म्हणे कॅशे क्लिअर करा. ते झालं. दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा. तेही झालं. मग तिकीट बंद, वर समाधान किती झालं म्हणून फीडबॅकचा फॉर्म.

शेवटी भाच्यानं ब्राउझरचा कन्सोल, म्हणजे आतल्या चुका दाखवणारी खिडकी, उघडून दाखवला. टिडलीविकी लायब्ररीचं पान लपवलेल्या आयफ्रेममध्ये (आपल्या पानाच्या आतल्या दुसऱ्या पानाच्या चौकटीत) उघडतं आणि त्याच्याशी मेसेज पाठवून बोलतं. होस्टिंगवाला मात्र सगळ्या पानांबरोबर एक्स-फ्रेम-ऑप्शन्स हेडर (पानासोबत ब्राउझरला जाणारी सूचना) पाठवत होता, सेम-ओरिजिनवालं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या पानात हे पान उघडू नका. ब्राउझरनं ऐकलं. कन्सोलमध्ये लाल अक्षरात सगळं लिहिलेलं, पण आमच्यासारखा माणूस कन्सोल कशाला उघडेल? इकडे विकीत ढिम्म. साधं एक वाक्य टाका की राव, लायब्ररीकडून उत्तर आलं नाही म्हणून. पत्ता चुकला तरी हेच, हेडर आडवं आलं तरी हेच, विकी एचटीटीपीएसवर आणि लायब्ररी साध्या एचटीटीपीवर असली तरी हेच, कारण तेही ब्राउझर अडवतो. सगळ्या रोगांना लक्षण एकच.

इथपर्यंत लिहिलं तेव्हा दोन स्टार देणार होतो आणि आयफ्रेमच्या या उद्योगावर अजून एक परिच्छेद झाडणार होतो, की सरळ फाइल का आणत नाही. भाच्यानं समजावल्यावर तो खोडला. आपली विकी बहुतेकदा डिस्कवरची फाइल असते, अशा पानाला दुसऱ्या सर्व्हरवरून सरळ काही आणायचं तर त्या सर्व्हरनं कॉर्सची, म्हणजे दुसरीकडच्या पानाला आपल्या फाइली वाचू देण्याची, परवानगी हेडरमधून द्यावी लागते. आयफ्रेम आणि मेसेजच्या रस्त्यानं ती भानगडच उरत नाही, कुठलंही फुकट स्टॅटिक (नुसत्या फाइली ठेवायचं) होस्टिंग चालतं, फक्त त्यानं फ्रेम अडवायची नाही. फुकट शब्द दिसला की माझा राग निम्मा होतो.

होस्टिंगवाल्यानं हेडर बदलायला वरचा प्लॅन घ्या म्हणून सांगितलं. घेतला नाही. गिटहब पेजेसवर, म्हणजे गिटहबच्या साइट ठेवायच्या सेवेवर, हलवलं, पैसे शून्य, तिथे साइटला १ जीबीची मर्यादा आहे आणि माझी सगळी प्लगइन मिळून त्याच्या कोपऱ्यातही मावतात. फुकट खात्यात रेपो (फाइलींचा साठा) पब्लिक ठेवावी लागते, म्हणून तिथे फक्त प्लगइन, गिऱ्हाइकांच्या नोंदी आपल्या फाइलीतच. आता फोनवर यादी येते, व्हर्जन जुनं असेल तर अपग्रेडचं बटण दिसतं, जावास्क्रिप्टवालं प्लगइन असेल तर सेव्ह करून रीलोड मारायचं.

मेव्हण्याकडे मात्र गंमत झाली. त्याची विकी ५.२ वर, मी प्लगइनमध्ये प्रोसिजर (एकदा लिहून पुन्हा पुन्हा वापरायचा कोडचा तुकडा) वापरलेली, जी २०२३ च्या ५.३.० मध्ये आली. त्याच्या तक्त्याच्या जागी बॅकस्लॅशसकट कोड उमटला आणि त्याचा फोन, दाजी हे काय पाठवलंय? अधिकृत लायब्ररीच्या पत्त्यात व्हर्जन नंबर असतो, जुन्या विकीला तिच्या काळातलीच प्लगइन दिसतात. मला तो उगाच पसारा वाटायचा, आता मीही दोन फोल्डर केलेत. त्याला विकी अपग्रेड कर म्हटलं तर म्हणतो चालतंय ना, हात कशाला लावा.

बाकी कुणाचीही लायब्ररी जोडताना माणूस बघून जोडा. आत आलेलं जावास्क्रिप्ट विकीतलं सगळं वाचू शकतं.

चार स्टार देतो, एक कापलाय तो त्या मुकेपणासाठी. होस्टिंगवाल्याकडे उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मागितलेत, तिकीट तिसऱ्यांदा उघडलंय.