कोकणातल्या घराला वायफाय मेश की झिगबी?

आमचं घर गुहागरकडचं. पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी आणि वाडीत विहिरीवर पंप. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, दीड फूट जाड. ओटीवरच्या राउटरची रेंज माजघरातच दम तोडते. पावसाळ्यात चिरा पाणी प्यायला की आणखीच, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं.

वायफाय मेश म्हणजे मिळून एकच वायफाय पसरवणारे घरभर दोन-तीन डबे. कॅमेरा लावायचा असेल तर याला पर्याय नाही. पण डब्यांना आपसात बिनतारी बोलायला लावलं तर प्रत्येक भिंतीला वेग घटतो. ओटी ते पडवी एक लॅन केबल ओढाच. कौलांखालून सहज जाते.

दाराचे, टाकीचे, ओलाव्याचे सेन्सर मात्र वायफायवर नकोत, बॅटरी लवकर संपते. तिथे झिगबी, म्हणजे कमी विजेत छोटे निरोप पोचवणारी वेगळी बिनतारी पद्धत. वेग जेमतेम २५० केबीपीएस, पण ‘टाकी भरली’ एवढं सांगायला तो भरपूर झाला. नाण्याएवढ्या सेलवर सेन्सर वर्षभर सहज चालतो. हब, म्हणजे सेन्सरचे निरोप गोळा करणारा डबा, मात्र घेताना असा घ्या की इंटरनेट गेलं तरी घरातल्या घरात काम करेल.

झिगबीचं जाळं विणतात, म्हणजे निरोप एकाकडून दुसऱ्याकडे देतात, ते विजेवर चालणारे स्मार्ट प्लग. सेलवरचे सेन्सर निरोप पुढे देत नाहीत. विहिरीवरच्या खोपीतला आमचा सेन्सर पहिल्या पावसात सारखा गायब व्हायचा. पडवीच्या खिडकीशी, विहीर समोर दिसेल असा एक स्मार्ट प्लग लावला, सेन्सर पुन्हा जोडून घेतला आणि तो टिकला. राउटर वायफायच्या १ नंबर चॅनेलवर आणि झिगबी २५ वर ठेवली की दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

थ्रेड ही अशीच आणखी एक बिनतारी पद्धत, तिचा रेडिओ झिगबीच्याच जातीचा. त्यात बॉर्डर राउटर (थ्रेडला घरच्या नेटवर्कशी जोडणारे डबे) एकाहून जास्त ठेवता येतात, त्यामुळे एक बंद पडला तर दुसरा सांभाळून घेतो. ही मोठी सोय आहे, पण आपल्याकडे अजून झिगबीच्या वस्तू जास्त मिळतात. झेड-वेव्ह ही तिसरी पद्धत. ते भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं आणि भिंती जास्त चांगल्या ओलांडतं, पण त्याच्या वस्तू शोधत बसावं लागतं.

बारा महिने राहतं घर असेल तर माझं मत सरळ आहे: कॅमेऱ्यापुरतं वायफाय, बाकी सगळं झिगबी, आणि राउटर, हब व मधले प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर.

गणपती-शिमग्यापुरतं उघडणाऱ्या घराची अडचण वेगळी. निघताना विजांच्या भीतीने आपण मेन स्विच पाडतो. त्याच क्षणी प्लग मरतात आणि त्यांच्यासोबत सगळं जाळं. इन्व्हर्टर असला तरी तो किती तास तग धरणार? अशा घरात आधी वायरमनला बोलवा. मीटरपासून या सामानाची वेगळी लाईन, तिचा स्वतःचा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच), नीट अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून सामान वाचवणारं यंत्र) करून घ्या. मग बाकी घर खुशाल बंद करा. हे जमणार नसेल तर झिगबीवर पैसे घालू नका.