कवटी खरी, मणके सुटे, बरगड्या अंगावरच्या

प्रवेश आटोपले की सोलापुरात दर वर्षी मला ठरलेला फोन येतो: अभ्यासाला बोन सेट, म्हणजे माणसाच्या हाडांचा संच, घ्यायचा का, आणि कुठला? विचारणारा कधी वैशंपायन मेडिकल कॉलेजचा असतो, कधी कुंभारीच्या अश्विनी मेडिकल कॉलेजचा, कधी आयुर्वेदाचा, कधी फिजिओथेरपीचा. पर्याय तीन. सिनियरकडून उतरत आलेला खऱ्या हाडांचा हाफ सेट (अर्ध्या सांगाड्याचा), दुकानातला प्लॅस्टिकचा सेट, नाहीतर मोबाइलवरचं थ्रीडी ॲप. यातलं चांगलं काय, या प्रश्नाला मी उत्तर देत नाही, कारण कवटीला एक उत्तर आहे, मणक्यांना दुसरं आणि बरगड्यांना तिसरंच.

आधी कवटी, कारण पैसे बुडतात ते तिच्यातच. कानातली इवली हाडं सोडली तर तिच्यात 22 हाडं: मेंदूभोवतीची 8, चेहऱ्याची 14. नावं चार दिवसांत पाठ होतात. घाम फोडतो तो कवटीचा तळ आणि त्यातली भोकं. पहिल्या वर्षी मी प्लॅस्टिकची कवटी घेतली होती. पांढरीशुभ्र, दातन् दात जागेवर. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मात्र पुढ्यात आली ती खरी, तपकिरी पडलेली. "फोरामेन स्पायनोझम दाखव," परीक्षक दोनदा म्हणाले. फोरामेन म्हणजे भोक. मी दोन्ही वेळा त्याच्या शेजारच्या ओव्हेल या भोकावरच बोट ठेवलं. खोलीवर येऊन माझी कवटी उलटी करून बघतो तर स्पायनोझमच्या जागी नुसता खळगा, आरपार भोकच नाही! स्वस्त साच्यात बारीक गोष्टी अशा बुजून जातात.

वरची टोपी निघणारी खरी कवटी मिळाली तर एक करून बघा. आत मधल्या खळग्यात रोटंडम, ओव्हेल, स्पायनोझम ही भोकं पुढून मागे, थोडी बाहेर वळत गेलेली दिसतात. केरसुणीची बारीक काडी स्पायनोझममधून अलगद सोडा, ती खाली तळाला निघेल. मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणारी मिडल मेनिंजिअल धमनी याच वाटेनं खालून आत येते. आत बाजूच्या भिंतीवर तिच्या फांद्यांच्या चरी बोटाला लागतात. चरीच्या मागावर बोट फिरवत गेलं की टेरिऑन ही कानशिलावरची जागा येते. फ्रंटल, परायटल, टेम्पोरल आणि स्फेनॉइड ही चार हाडं तिथं भेटतात, आणि हाड पातळ असतं; ते मोडलं तर आतली धमनी फाटून रक्त साचू शकतं. कानशिलावर मार लागलेला माणूस शुद्धीवर असला तरी डॉक्टर त्याला घरी का सोडत नाहीत, ते पुस्तकापेक्षा त्या चरीवर लवकर कळतं.

खऱ्या कवटीचेही नखरे आहेत. दहा हातांतून गेलेली असते. कानाखालच्या स्टायलॉइड या सुळक्याचं टोक मोडलेलं, डोळ्याच्या खोबणीतलं लॅक्रिमल हे पातळ हाड फुटलेलं, दात निम्मेच. त्यात आमच्या घरमालकीण काकूंनी ती पाहिली आणि खोली सोडायला सांगितली. शेवटी चादरीत गुंडाळून ट्रंकेत, खाटेखाली, अशा बोलीवर राहू दिलं. एकेकाळी जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत भारतातून सांगाडे जात. 1985 साली ती निर्यात बंद झाली. तेव्हा कुठून आला ते सांगता येत नाही असा सेट अनोळखी माणसाकडून घेऊ नका. विभागातून कवटी इश्यू होत असेल किंवा तिथं बसून बघू देत असतील तर त्याहून चांगलं काही नाही.

मणक्यांना प्लॅस्टिक चालतं, कारण त्यांच्या खुणा ठळक असतात. लहानपणी 33 मणके. मोठेपणी त्रिकास्थी आणि माकडहाड सांधून 26 हाडं उरतात. फक्त दांड्यात ओवलेला कणा घेऊन फसू नका. तो पाठीचे बाक छान दाखवतो (फिजिओवाल्यांना तेवढ्यासाठी हवाच), पण मणका हातात फिरवता येत नाही. सुटे घ्या, पिशवीत टाका, न बघता एकेक काढा. आडव्या शिंगात भोक लागलं तर मानेचा. अंगावर बरगडीसाठी गुळगुळीत टेकू लागला तर छातीचा. दोन्ही नाही आणि वजनदार आहे, तर कमरेचा. मग ॲटलस (मानेचा पहिला मणका) ॲक्सिसच्या (दुसऱ्याच्या) दातासारख्या सुळक्यावर बसवून डावीउजवीकडे फिरवा. "नको" म्हणताना आपली मान तिथंच फिरते. "हो" म्हणतो ते त्याच्या वर, कवटी आणि ॲटलस यांच्यामध्ये.

बरगड्यांवर एक रुपयाही घालू नका. 12 जोड्या: 7 थेट उरोस्थीला (छातीच्या मधल्या हाडाला), पुढच्या 3 वरच्या बरगडीच्या कूर्चेला (मऊ हाडाला), शेवटच्या 2 मोकळ्या. आरशासमोर उभं राहून गळ्याखालच्या खाचेतून बोट खाली सरकवा; आडवा उंचवटा लागेल, तिथून बाजूला गेलं की दुसरी बरगडी. तिथून मोजत खाली या. सामान्य बरगडी एखादी उसनी आणा, खालच्या कडेला आतून असलेली खोबण बघण्यापुरती. त्यात वरून खाली शीर, धमनी, मज्जातंतू असा क्रम असतो, म्हणून छातीत सुई घालताना खालच्या बरगडीच्या वरच्या कडेनं घालतात. पहिली बरगडी चपटी आणि फसवी, ती विभागातच बघा.

ॲप रात्री उजळणीला बरं. व्हायव्हात हाड हातात देऊन "डावं की उजवं?" विचारतात, तिथं स्क्रीनवर फिरवलेलं उपयोगी पडत नाही.

आयुर्वेदवाल्यांसाठी एक: सुश्रुताची 300 हाडं, चरकाची 360 आणि आधुनिक 206 यांत घोळ घालू नका. प्राचीन मोजणीत दात आणि कूर्चाही धरल्या आहेत. रुचक म्हणजे दात, तरुण म्हणजे कूर्चा. व्हायव्हात हे हमखास निघतं.

बजेट बेताचं असेल तर चौघांत मिळून एक खरा हाफ सेट घ्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कवटी कुणाकडे राहणार, ते मात्र आत्ताच ठरवा. आमच्यात त्यावरून दोन दिवस अबोला होता.