लान्सर इव्हो की सुबारू एसटीआय: रोज कोणती झेपेल?

एका मित्राचं घोडं इथेच अडलंय: जुनी इव्हो टेन (मित्सुबिशी लान्सर इव्होची दहावी पिढी) घ्यावी की २.५ लिटरची सुबारू एसटीआय? दोन्ही टर्बो, दोन्ही चारही चाकांना ताकद देणाऱ्या. इव्होचं उत्पादन २०१६ मध्ये थांबलं, एसटीआयचं २०२१ च्या मॉडेलनंतर. त्यामुळे सुटे भाग शोधायची तयारी दोन्हीकडे हवी, इव्होसाठी जरा जास्तच.

खरा फरक इंजिनात. इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडझाप करायला इव्होत टायमिंग चेन आहे. एसटीआयच्या बॉक्सर इंजिनात बेल्ट, तो ठरल्या वेळी बदलावाच लागतो. साधे स्पार्क प्लग बदलायचे तरी हात आडवे घालून कसरत, कारण सिलिंडर बाजूला झोपलेले. शिवाय या इंजिनाचे पिस्टन नाजूक; आधीच्या मालकाने ट्यूनिंगचे, म्हणजे ताकद वाढवायचे, प्रयोग केले असतील तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासल्याशिवाय व्यवहार करू नका. इव्होचं दुखणं मागे आहे: एवायसीचा (वळणावर मागच्या दोन चाकांत ताकद कमीजास्त वाटणाऱ्या यंत्रणेचा) पंप गंजतो आणि खिसा रिकामा करतो.

टायरच्या बाबतीत सुटका कुठेच नाही. एक फाटला तरी बहुधा चारही बदला, नाहीतर डिफरन्शियलवर (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरवर) ताण येतो. पेट्रोलचं तर बोलूच नका.

सामानाला एसटीआय बरी, नंतरच्या पिढ्यांत मागची सीट दुमडते. इव्होची दुमडत नाही, त्यात डिकीत बॅटरीही बसवलेली. पाच गिअरची इव्हो महामार्गावर सतत गुरगुरते. एसटीआयला सहा आहेत.

घाटवळणांचं वेड असेल आणि घरी दुसरी गाडी असेल तर इव्हो. एकाच गाडीवर सगळं भागवायचं असेल तर न छेडलेली एसटीआय.